फक्त वाहक

फार राग आला की आपण म्हणतो, तळपायाची आग मस्तकात गेली. डबल बेलच्या बाबतीत आग आधी खरोखरच तळपायाला होती. मस्तकात जायला तिला चाळीस वर्षं लागली. आणि गेली ती अशी गेली, की हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आजही तिचा विषय निघाला की लोक फायली सावरून बसतात.

डबल बेल म्हणजे बसची कंडक्टर. सगळे चढले की दोरी दोनदा ओढायची आणि गाडी सोडायची. तिचा हात एवढा जोरकस की ड्रायव्हर म्हणायचा, "अहो बाई, गाडी पुढे न्यायचीय, वर नाही!" तेव्हापासून हे नाव पडलं. तिच्या सीटच्या वर पत्र्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द लिहिलेला होता : वाहक. सव्वीस वर्षं ती त्या शब्दाखाली बसली. बसली कसली, उभीच होती.

आणि उभं राहणं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. लहानपणापासून तिचे तळपाय जळायचे. ऊन वाढलं, ताप आला, शाळेत पळायला लावलं, की पाय नुसते भाजून निघायचे. घाम म्हणून यायचा नाही. आईला सांगितलं की आई म्हणायची, "नाटकं करू नकोस. सगळ्यांचेच पाय दुखतात." हीच आई दुपारी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर अर्धा अर्धा तास अनवाणी उभी राहायची. का, ते तिला कुणी विचारलं नाही. मग पोरीनंही सांगणं सोडलं. भर उन्हाळ्यात तिचं कपाळ कोरडं ठणठणीत असायचं, तर डेपोतले म्हणायचे, "बाईंना आतून एसी बसवलाय." तीही हसायची. हसण्यासारखं काय होतं त्यात, कप्पाळ!

उघडकीला आलं ते तिच्या धाकट्या भावामुळे. तो सुतार. बेचाळिसाव्या वर्षी रंधा मारताना त्याला धाप लागायला लागली. सोनोग्राफीत हृदयाच्या भिंती जाड दिसल्या, पण बीपी तर नव्हतं. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचा एमआरआय केला आणि कळलं, की हा घराण्यातून उतरलेला आजार आहे. एका जातीची चरबी शरीरात रोज विरघळायला हवी, ती विरघळवणारा रस याच्यात तयारच होत नव्हता. मोरीच्या जाळीत केस साठत जावेत तशी ती चरबी साठत गेली, आधी नसांत, मग किडनीत, मग हृदयात.

असे आजार बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या घरादाराला बोलावून रक्त तपासलं. मग कागदावर वंशावळ काढली, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. भावाचा चौकोन पूर्ण काळा. वारलेल्या आईचा गोल अर्धा काळा. डबल बेलचाही अर्धा.

"दोष तुमच्यातही आहे," डॉक्टर म्हणाले, "पण काळजीचं काही नाही. तुम्ही फक्त वाहक आहात."

ती हसली. "ते आमच्या गाडीवरही लिहिलंय. पण डॉक्टर, माझे पाय जळतात हो. अगदी लहानपणापासून."

डॉक्टरांना विनोद कळला नाही आणि पाय ऐकू आले नाहीत. "बायका तो दोष पुढे नेतात, आजार पुरुषांना होतो," असं म्हणून त्यांनी फाइलवर लिहिलं : फक्त वाहक. तपासणीची गरज नाही. लेकीचं रक्त तपासायचं का, असं तिनं विचारलं. पोरगी तेव्हा सोळाची होती. "तिचं लग्न ठरेल तेव्हा बघू," डॉक्टर म्हणाले.

आता मला सांगा! बाई समोर बसलीय, पाय जळतात म्हणतेय, बूट काढून दाखवायला तयार आहे, आणि हा शहाणा अर्ध्या काळ्या गोलाकडे बघून तिला सांगतोय की तुला काही होत नाही. वाहून नेणारा झिजत नाही, हे याला शिकवलं कुणी? आणि सगळ्यात वाईट काय, तर तिनं विश्वास ठेवला. तीन वर्षं ती जिन्यात थांबत थांबत घरी गेली आणि स्वतःलाच म्हणाली, वय झालं.

भावाला दर पंधरा दिवसांनी त्या रसाचं सलाइन लागायचं. ती सोबत जायची. एकदा तो सलाइन लावलेल्या हातानंच तिच्याकडे बोट करून म्हणाला, "ताई, एका जिन्यात तू तीनदा थांबलीस. मी दोनदा. आजारी कोण आहे गं आपल्यात?"

त्याच आठवड्यात चालत्या बसमध्ये तिच्या छातीत फडफड झाली. तिनं दांडा धरला, तो सुटला, आणि ती एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या मांडीवर कोसळली. सोनोग्राफी झाली. भिंती नॉर्मल. मोठे डॉक्टर म्हणाले, "पाळी जायचं वय आहे. टेन्शन घेऊ नका."

इथे ती आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी खाकी कपड्यांत, खांद्याला बॅग अडकवून ती तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसली. "हृदयाच्या एमआरआयची चिठ्ठी मिळाल्याशिवाय ही गाडी हलायची नाही," तिनं शिपायाला सांगितलं. चार तास बसली. दार उघडलं की उभी राहायची आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, गर्दीच्या बसमध्ये ओरडतात तसं ओरडायची, "चिठ्ठी झाली का?" शेवटी ब्याद टळावी म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली.

मशीनच्या खोलीत धातू चालत नाही. टेक्निशियननं बांगड्या, नाणी, शिट्टी सगळं काढून घेतलं. "बाई, बिल्लाही." पितळी बिल्ल्यावर तोच शब्द होता. तो लॉकरमध्ये गेला आणि ती त्या अरुंद बोगद्यात गेली. "श्वास घ्या. सोडा. धरून ठेवा." ठणाठणा, ठणाठणा. पाऊण तास ती सांगितल्यासारखी श्वास धरत राहिली, एकदाही चुकली नाही.

रिपोर्ट वाचणारी हृदयाची डॉक्टरीणबाई भली होती. तिनं खुर्ची ओढून डबल बेलला पडद्याशेजारी बसवलं. "जिथे हिरवं दिसायला हवं, तिथे हे निळं आहे बघा. ही साठलेली चरबी. बायकांमध्ये भिंत जाड व्हायच्या आधीच हे होऊ शकतं, म्हणून सोनोग्राफीत दिसलं नाही. आणि मागच्या भिंतीत ही पांढरी रेघ आहे ना, तो व्रण."

"औषधानं जाईल?"

"सलाइन सुरू करू, पुढचं थोपवता येईल. पण व्रण जात नाही. औषधाचा खरा उपयोग व्रण पडायच्या आधी." डॉक्टरीणबाई पडद्यावरून तिच्याकडे वळली. "तुम्ही आधी कुणाला दाखवलं नव्हतं का?"

दाखवलं नव्हतं का! डबल बेल उठली ती थेट तिसऱ्या मजल्यावर. आत पेशंट होता, शिपाई मागे धावत होता, तिनं कुणाला जुमानलं नाही. रिपोर्ट टेबलावर आपटला आणि म्हणाली, "माझी फाइल काढा."

"हे बघा, बायकांमध्ये सहसा..."

"ते सहसा गेलं खड्ड्यात! मी तुमच्यासमोर बसून सांगितलं होतं, पाय जळतात. तुम्ही मान वर केली नाहीत. तीन वर्षं गेली माझी. तुमच्या एका शब्दावर गेली. तो 'फक्त' खोडा. माझ्यासमोर खोडा."

डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग पेन काढलं आणि खोडला. तिनं वाकून नीट बघितलं, पुसट रेघ आहे म्हणून परत खोडायला लावला.

घरी जाईपर्यंत ती ताठ होती. जिन्यात चारदा थांबली, पण ताठ होती. आपण जिंकलो असंच तिला वाटत होतं. दार ढकललं, तर लेक खुर्चीवर बसून पुस्तक वाचत होती. आता एकोणीस वर्षांची. पाय गार पाण्याच्या बादलीत. रोजचीच बादली. वर्षानुवर्षं डबल बेल त्या बादलीला अडखळायची आणि फरशी ओली केली म्हणून करवादायची.

आज ती दारातच उभी राहिली.

"तुझे पाय जळतात का गं?"

पोरीनं पुस्तकातून मान वर केली नाही. "नाटकं करू नकोस, असं तूच म्हणतेस ना?"

म्हणत होती. खेळाच्या तासाला जात नाही म्हणून म्हणाली होती, सहलीला रडली म्हणून म्हणाली होती. आईचा तोच आवाज, तेच शब्द, एकही कमी नाही. आता कुठल्या मजल्यावर जाऊन कुणाची फाइल आपटायची? तिला स्वतःच्याच दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या.

ती तशीच, कपडे न बदलता, ओल्या फरशीवर बसली. बादलीतून पोरीचे पाय उचलून तिनं मांडीवर घेतले. गार पाण्यातून काढलेले, तरी लालबुंद होते.

"उद्या सकाळी पहिल्या गाडीनं आपण तुझं रक्त द्यायला जायचं," ती म्हणाली. "मग त्या मशीनमध्ये. आता मला सांग. अगदी पहिल्यापासून सांग."

"पहिलीपासूनच," पोरगी म्हणाली. "तुला सांगितलं होतं."