डब्यातून निघालेला मानकरी

सोमनाथनं आयुष्यात कुणाला वाईट वाटू दिलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार करतेय.

वाळूजच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे. गाड्यांच्या दारांना लागणारे रबरी भाग तिथं बनतात. साच्यातून भाग निघाला की कडेला जादा रबराची पातळ झालर राहते, ती ब्लेडनं कातरायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ब्लेड जरा आत गेलं की भाग बाद, आणि जरा बाहेर राहिलं की पावसात गाडीवाल्याच्या मांडीवर पाणी. असे कातरणारे बावीस जण सोमनाथच्या हाताखाली. त्याच कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात निवृत्त होईपर्यंत मी एकोणतीस वर्षं काढली, आणि पडेगावच्या या माणसाला सुपरवायझर करा अशी शिफारस करणारी मीच. कारण काय, तर त्याच्याविरुद्ध फायलीत एकही तक्रार नव्हती. आता वाटतं, ज्याच्याविरुद्ध कधीच कुणाची तक्रार नाही त्या माणसाची आधी चौकशी करायला हवी होती.

त्याची रीत अशी. कुणी उशिरा आलं की हा गेटवर जाऊन सांगणार, "मीच धाडलं होतं कामाला." कुणाची झालर राहिली की जेवणाच्या सुट्टीत स्वतः बसून कातरणार आणि भाग गुपचूप त्याच्या ढिगात ठेवून देणार. खिशात बडीशेपेची पुडी कायम. कुणाला काही सांगायची वेळ आली की ती पुढं करायची. समोरच्याला वाटायचं, सर खूश आहेत. वर्षानुवर्षं तो विभाग बडीशेप चघळत होता आणि शिकत काही नव्हता. पण सगळे म्हणायचे, देवमाणूस आहे. म्हणणारच. फुकट झालर कातरून देणारा कुणाला नको असतो?

दोनेक वर्षांपूर्वी पुण्याहून सई नावाची मुलगी मनुष्यबळ खात्यात आली. आमचं पर्सोनेल म्हणजेच तिचं मनुष्यबळ. खुर्च्या त्याच, फक्त कपाटं पांढरी झाली. मुलगी हुशार, पण तिला वाटायचं की फॉर्म छापला म्हणजे माणसं बोलू लागतात. तिनं योजना आणली. सुपरवायझरनं महिन्यातून एकदा प्रत्येकासोबत पंधरा मिनिटं बसायचं, त्याचं एक चांगलं सांगायचं, एक सुधारण्यासारखं सांगायचं आणि दोन्ही फॉर्मवर लिहायचं. शिवाय दर महिन्याला एक 'महिन्याचा मानकरी' निवडायचा. त्याचा फोटो कँटीनबाहेरच्या फळ्यावर.

सोमनाथनं बावीस फॉर्म इमानदारीनं भरले. 'चांगलं' या रकान्यात सगळ्यांना 'उत्तम'. 'सुधारणा' या रकान्यात बावीसच्या बावीस जणांना एकच वाक्य: तब्येतीची काळजी घ्यावी.

मानकऱ्याचं मात्र त्याला कोडं पडलं. एकाला मान दिला म्हणजे एकवीस जणांना वाईट वाटणार. मग त्यानं काढलेला तोडगा आमच्याच मुलखातला माणूस काढू जाणे. त्यानं भिशी लावली. बावीस चिठ्ठ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात. महिन्याला एक काढायची, निघालेलं नाव परत टाकायचं नाही, म्हणजे बावीस महिन्यांत सगळे मानकरी. विभागात सगळे खूश. सई त्याहून खूश, तिला डब्याचं ठाऊकच नव्हतं. तिनं वर कळवलं की या विभागात सर्वांना समान संधी मिळते. त्यावर मुख्य कार्यालयानं सोमनाथला प्रमाणपत्रही पाठवलं. ते त्यानं घरात देवाच्या फोटोशेजारी लावलं.

विभागात मंजुषा म्हणून एक आहे. गारखेड्यात माझ्या मागच्या गल्लीत राहते, चौतीस-पस्तिशीची. हात असा की तिनं कातरलेला भाग तपासायला घेणारा नुसता डोळ्यांसमोरून नेतो आणि ठेवतो. नवीन कुणी आलं की सोमनाथ त्याला तिच्याच शेजारी बसवायचा, म्हणजे शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात. गेल्या वर्षी गणपतीच्या महिन्यात तिची चिठ्ठी निघाली. नेमकं त्याच आठवड्यात विभागातल्याच शिवमला मुलीकडचे बघायला येणार होते. शिवम मानकरी आधीच होऊन गेला होता, पण तेव्हा त्याला बघायला कोण येणार होतं?

"ताई, या महिन्याला माझा फोटो लागू दे ना," तो मंजुषाला म्हणाला. "मुलीचा मामा इथंच वाळूजला आहे, आपल्या कँटीनला सामान पोचवतो. फळा बघून जाईल."

"लाव बाबा," मंजुषा म्हणाली. "माझं काय, माझं लग्न होऊन बसलंय."

सोमनाथनं फोटो बदलला, वर नावही शिवमचंच कळवलं. मामा आला, फळा बघून गेला, सोयरीक जुळली. सगळ्यांचं कल्याण.

आणि या दिवाळीआधी कळलं की नवी लाइन सुरू होतेय. तिला इन्चार्ज हवा, तोही याच विभागातला. मंजुषानं रीतसर अर्ज दिला. बारा वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मुख्य कार्यालयानं अर्ज बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटरनं सांगितलं: वीस जण एकेकदा मानकरी, मंजुषा एकदाही नाही, शिवम दोनदा. सईनं सोमनाथला निरोप दिला, "शिवमचं नाव पक्कं करतेय, सोमवारी सही करा."

रविवारी सकाळी हा माझ्या दारात, हातात दौलताबादच्या सीताफळांची पिशवी.

"मॅडम, लई अवघड झालंय बगा."

सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्याकडं कशाला आलास?"

"तुम्ही सईमॅडमला एक फोन करा. तुमचं ऐकतील. म्हणावं, मंजुषाला घ्या. माझं नाव नका घेऊ फक्त."

"म्हणजे शिवमला वाईट वाटायला नको."

"व्हय ना. त्यानं पेढे वाटले की कालच."

माझ्या हातात अडकित्ता असता तर फेकून मारला असता. सीताफळं बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, "शिवमला काय येत नाही, ते सांग."

तो सांगायला लागला आणि मी ऐकतच राहिले. शिवम ब्लेड तिरकं धरतो. डाव्या अंगठ्यानं भाग दाबतो, त्यामुळं रबर ताणलं जातं आणि कातर आत जाते. शिफ्टच्या शेवटच्या तासाला घाई करतो. बोथट ब्लेड बदलत नाही, कारण मागायला स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा. मग म्हटलं, बाकीच्यांचं सांग. तर एकेकाचं सांगत सुटला. कुणाचा चष्म्याचा नंबर वाढलाय, कोण उजेडाकडं पाठ करून बसतं, कुणाला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं तर दीडपट काम होईल. या माणसाला सगळं दिसत होतं. बावीस माणसांचा हात त्याला पाठ होता, आणि कागदावर लिहीत होता, तब्येतीची काळजी घ्यावी.

"हे शिवमला कधी बोललास?"

"वाईट वाटंल ना मॅडम त्याला."

"त्याला नाही, तुला. समोरच्याचं तोंड उतरलेलं तुला बघवत नाही, म्हणून तू त्याला अडाणी ठेवलास. चार वर्षं तो अंगठ्यानं रबर दाबतोय आणि तू जेवण सोडून त्याच्या झालरी कातरतोयस. आता नवी लाइन त्याच्या हातात गेली की तिथं कोण कातरणार? आणि मंजुषाला काय सांगशील? डब्यात हात घातला, तुझं नशीब?"

त्यानं सवयीनं खिशातून बडीशेपेची पुडी काढली. मी बघितलं तशी परत ठेवली.

"फोन मी करणार नाही," मी म्हटलं. "आणि सीताफळं घेऊन जा."

सीताफळं तो ठेवूनच गेला. त्यातही माझं मन मोडवलं नाही त्याच्यानं.

सोमवारी मात्र तो सईसमोर उभा राहिला आणि डब्याची गोष्ट सांगितली. सई आधी हसली, मग तिला आठवलं की 'समान संधी'चा अहवाल तिच्याच सहीनं गेलाय, मग हसायची थांबली. पण मुलगी सरळ निघाली. तपासणी टेबलावरची बाद भागांची वही तिनं मागवली. बारा वर्षांची वही तिथंच पडून होती. कोण काय करतं ते तिच्यात रोजच्या रोज लिहिलेलं, आणि आम्ही सगळे शहाणे फळ्यावरचे फोटो मोजत बसलो होतो. मंजुषा इन्चार्ज झाली. सोमनाथला लेखी समज मिळाली.

शिवमला सांगायचं काम सईनं सोमनाथवरच टाकलं. मंजुषानं मला नंतर सांगितलं, ती शेजारीच होती.

"सर, तुम्हीच उत्तम लिहिलं ना दर महिन्याला?" शिवम म्हणाला.

"लिहिलं."

"मग खोटं लिहिलं?"

"व्हय," सोमनाथ म्हणाला, आणि त्याच्या हातातलं ब्लेड काढून सरळ कसं धरायचं ते दाखवायला लागला. शिवम अर्ध्यातून उठून गेला.

पंधरा दिवस शिवम त्याच्याशी बोलला नाही. वर्षभर लांबलेल्या लग्नाची पत्रिका विभागात सगळ्यांना दिली, मंजुषालाही दिली, याला नाही. बाकीच्यांचेही आता दर महिन्याला पंधरा मिनिटं तोंडं उतरतात, आणि सोमनाथला जेवण गोड लागत नाही. देवमाणूस हा शब्द मी हल्ली त्या विभागातून ऐकलेला नाही. बाद भाग मात्र कमी झालेत, शिवमचेही. अंगठा त्यानं उचललाय. कबूल करणार नाही, पण उचललाय.

गेल्या आठवड्यात सोमनाथ परत आला. सईनं नवा फॉर्म काढलाय. आता हाताखालच्यांनी सुपरवायझरबद्दल लिहायचं. नवी लाइन याच्याच देखरेखीखाली आहे, म्हणून मंजुषानंही भरला. 'चांगलं' या रकान्यात: सरांना प्रत्येकाचा हात कळतो. 'सुधारणा' या रकान्यात: बारा वर्षं नव्यांना माझ्याकडून शिकवून घेतलं, एकदाही वर सांगितलं नाही. यापुढं वेळेत बोलावं.

तो कागद त्यानं माझ्यापुढं ठेवला. तोंड उतरलेलं.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?" मी विचारलं.

"उत्तम," तो म्हणाला. "एकवीस जणांनी."

"मग त्यांना कुणी शिकवलं ते?"

त्यानं एकवीस कागदांची गुंडाळी पिशवीत कोंबली. मंजुषाचा तेवढा नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला, जिथं पूर्वी बडीशेप असायची.