आईला ऐकू जाईल एवढा अभ्यास

महाडात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षा आली की कॉलेजची मुलं नोट्सची थप्पी काउंटरवर आपटतात आणि म्हणतात, "काकी, फक्त आयएमपी तेवढे काढा." मी काढून देते. कधी राहवलं नाही तर बोलते, "अरे, नुसतं पाठ करून काही होत नाही. पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहून बघा." ती एकमेकांकडे बघून हसतात. झेरॉक्सवाली आता अभ्यास शिकवणार! हसू देत. त्यांच्या वयात मलाही हे सांगितलं होतं आणि मीही ऐकलं नव्हतं.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. सकाळची एसटी धरून महाडला कॉलेजला यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. बाबा मुंबईला कामाला, गणपतीला नि शिमग्याला यायचे. घरात आई, काका, काकी, आजोबा आणि मी. आणि घराचा कायदा एकच: अभ्यास ऐकू आला पाहिजे. आई चुलीपाशी असो की परसात, माझा आवाज तिच्या कानावर पडत राहिला म्हणजे पोरगी अभ्यास करतेय. जरा गप्प झाले की हाक आलीच, "झोपलीस काय गो? मोकळी हायस तर हंडा घेऊन ये." मनातल्या मनात वाचणं म्हणजे रिकामं बसणं! सगळ्या वाडीतच तसं होतं, एका घरातून पाढे ऐकू यायचे, दुसऱ्यातून इतिहास. हंड्याच्या भीतीनं मी ओरडत राहिले आणि मग तीच सवय लागली. दहावी, बारावी अशीच ओरडून पास झाले.

कॉलेजात अर्थशास्त्राला एक मॅडम होत्या. त्यांचं एकच टुमणं असायचं. एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि हे आपल्या घरात, गावात कुठं दिसतं ते दोन ओळींत लिहा. एकदा माझी वही चाळून म्हणाल्या, "पाठांतर छान आहे गं तुझं. पण यात तुझं काय आहे?" मला असा राग आला! पुस्तकात माझं काय असणार, डोंबल? तरी घरी येऊन एकदा करून पाहिलं. पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे बघत विचार करत बसले. पाच मिनिटं नाही झाली तर आई दारात उभी. "काय झालं? कुणाचा इचार चाललाय?" कॉलेजात जाणारी मुलगी भिंतीकडे बघत बसली तर आईच्या मनात दुसरं काय येणार! मी निमूट पुस्तक उघडलं आणि परत ओरडायला लागले.

शेवटच्या वर्षी शिमग्याला बाबा आले तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं. "पास झालीस तर पुढं बीएड कर, मी अडवणार नाय. नापास झालीस तर लग्न. परत परत परीक्षा नाय." मला शिक्षिका व्हायचं होतं हो, दुसरं काही नको होतं. मग काय, जीव तोडून घोकलं. घसा बसला तर मीठपाण्याच्या गुळण्या करून घोकलं.

पेपरात प्रश्न आला: प्रच्छन्न बेरोजगारी म्हणजे काय, ते आपल्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा. व्याख्या तर मी झोपेतून उठवलं असतं तरी म्हटली असती. ती लिहिली. पण उदाहरण? ते पान डोळ्यांपुढे आणलं, त्याचा दुमडलेला कोपरासुद्धा आठवला, उदाहरण काही त्यात नव्हतं. शेवटी तीच व्याख्या शब्द मागेपुढे करून परत लिहिली. बाकीचे प्रश्नही त्याच जातीचे होते. बाकी सगळ्या विषयांत सुटले, अर्थशास्त्रात गेले. बाबांना फोन केला तर ते नुसतं "बरं" म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला सांगितलं.

"असं कसं? तुला तर सगळं येत होतं गो. मला पण येतं," ती म्हणाली. आणि कधी शाळेची पायरी न चढलेली माझी आई हातातलं काम न थांबवता म्हणायला लागली, "गरजेपेक्षा जास्त श्रमिक कामात गुंतलेले असतात, व त्यांची सीमांत उत्पादकता शून्य असते." एक शब्द चुकला नाही. मी जिथं श्वास घ्यायचे तिथंच ती थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पन म्हंजे काय गो ते?" तिनं विचारलं.

मी चिडूनच म्हटलं, "म्हणजे काम थोडं आणि माणसं जास्त. दोन माणसं कमी केली तरी पीक तेवढंच येतं."

आईचा हात सुपात थांबला. "म्हंजे आपल्यावानी. दोन खाचरं नि राबणारी आपण पाच. तुझा काका दोन वर्सं मुंबईला व्हता, तवा पन भात तेवढंच झालं व्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हेच लिवायचं व्हतं ना? मग का नाय लिवलंस गो?"

दिवाळीनंतर माझं लग्न झालं.