मोकळी जागा

भिवंडीत माझा सायबर कॅफे होता, तेव्हा जवळच्या पूर्णा गावचा एक गोदामवाला रोज दुपारी साम्राज्य उभारायचा खेळ खेळायला यायचा. कडक पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन. माउस असा दाबायचा की टेबल हलायचं. बाकीचे लोक शहरं ऐसपैस वसवायचे, भोवती शेतं, नदी राखायचे. हा मात्र दोन शहरांत जेमतेम दोन चौकोन सोडायचा. सगळा नकाशा चाळीसारखा भरून टाकायचा आणि वर जिंकायचाही!

"अहो, या शहरांना वाढायला जागा कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

"वाढून काय करायचंय? मोकली जागा ठेवली का दुसरा येऊन बसतो, भाऊ."

त्याचे वडील गेले म्हणून मी पूर्ण्याला गेलो आणि हादरलोच. म्हाताऱ्याने हट्टाने राखलेल्या जुन्या घराला चारी बाजूंनी मुलाच्याच गाळ्यांच्या भिंती भिडल्या होत्या. मधे उरलेल्या चिंचोळ्या बोळातून तिरडीला खांदा देणारे शिरेनात. शेवटी एका गाळ्याचं मागचं शटर उघडलं, हमालांनी खोकी बाजूला सारली आणि म्हाताऱ्याला आम्ही गोदामातून बाहेर काढलं.

तो मडकं धरून पुढे चालला होता. रस्त्यावर येताच थांबला आणि उघड्या शटरमधून मागे घराकडे बघत राहिला. मला वाटलं, आता याचा बांध फुटणार.

"भाऊ," तो माझ्या कानाशी, अगदी कॅफेतल्या आवाजात म्हणाला, "घर पाडलं का आरामात दोन गाले बसतील, न्हाय?"