दर शुक्रवारी डोहाळजेवण

दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाईंच्या मते गुन्हेगार एकच, माझी स्कूटर. "कोथरूडचे ते खड्डे, आणि ही त्यांवरून उडत जाते," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. मला असा संताप यायचा! पण मनात पाल चुकचुकायचीच, खरंच माझंच चुकलं असेल तर?

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी अगदी सावकाश केली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. माझं गर्भाशय वरून मधोमध दबलेलं, दोन भागांत विभागल्यासारखं. "हे जन्मतःच असं आहे. तुम्ही काही केल्यामुळे झालेलं नाही. बाळाला जागा कमी पडते, म्हणून ते लवकर यायची भीती. अठ्ठावीस आठवडे भरले की पुढचा प्रत्येक आठवडा कमाईचा."

सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे तर पत्त्यांतलं बदाम!" म्हणाल्या. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या स्कूटरला उगाच नावं ठेवली मी." पुण्यात याला माफी म्हणतात.

चौथा महिना सुखरूप गेला. पुढे डॉक्टरीणबाईंनी मला पलंगावरच झोपवलं. अठ्ठाविसावा आठवडा भरला त्या शुक्रवारी सासूबाईंनी डोहाळजेवण घातलं. झोपाळ्यावर बसायची सोय नाही, म्हणून पलंगाचीच नौका केली, पुठ्ठ्याचं शीड लावून. हसून हसून माझी पुरेवाट. पुढच्या शुक्रवारी बघते तर पुन्हा हिरवी साडी, पुन्हा ओटी!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, डोहाळजेवण एकदाच करतात."

"तुमच्याकडे करत असतील. आमच्याकडे आठवडा पदरात पडला की करतात."

मग काय, धमालच. नवऱ्याला मंडईत पिटाळून फुलं आणवायची आणि पलंगाची बाग करायची. एकदा मच्छरदाणीला चमकीच्या चांदण्या टाचून चांदण्यातलं डोहाळजेवण झालं, तेही भर दुपारी. त्या दिवसांइतकी मी आयुष्यात कधी हसले नाही. भीती होतीच. गुरुवारी पोटात जराशी कळ आली की मी श्वास रोखून पडायची, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "उद्याच्या दहीवड्यांची डाळ भिजत घातलीय, म्हणावं थांब!"

असे नऊ शुक्रवार झाले. दहाव्याच्या आदल्या दिवशी कळा लागल्या. बाळ पायाळू होतं, त्यामुळे सिझेरियन झालं. मुलगी! नाकीडोळी नीटस आणि आवाज थेट आजीचा.

बारशाला नात्यातल्या एक आत्याबाई पाळण्यात डोकावल्या. "गोड आहे हो. सुनेचं पहिलंच ना?"

"छे, तिसरं बाळ," सासूबाई म्हणाल्या. "आधीची दोन राहिली नाहीत."

त्या दोघांना बाळ म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. माझासुद्धा धीर झाला नव्हता. भर बारशात मी सासूबाईंच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं, बरं. आता डोळे पूस, पाळणा म्हणायचाय."