नाक्याने मान हलवली की

शेगडीचं बटण त्याने नीट बंद केलं असेल ना? कपडे वाळत घालताना, दुकानातल्या रांगेत उभी असताना, शेजारीण समोर बसून बोलत असतानासुद्धा आईच्या डोक्यात हाच किडा वळवळत असे. मुलगा काही कुक्कुलं बाळ नव्हता. एकतीस वर्षांचा होता, दोन तासांवरच्या गावात एका गॅरेजात मुख्य मेकॅनिक होता, गॅरेजच्या मागच्याच खोलीत एकटा राहत होता. पण तीन महिन्यांपासून त्याला वास येत नव्हता. कसलाच नाही. खोलीभर गॅस पसरला तरी त्याला पत्ता लागला नसता. आणि हे डॉक्टर सोडले तर जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि तिला.

गॅरेजात त्याला सगळे नाक्या म्हणत. लहानपणापासूनच त्याचं नाक भलतं तिखट. कपाटामागे उंदीर मेलाय हे तो घरातल्या सगळ्यांच्या दोन दिवस आधी सांगायचा. वडील छापखान्यात कामाला होते. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच हा वरून ओरडायचा, बाबा आले. वाटेत चोरून ओढलेली सिगारेट त्याच्यापासून कधी लपली नाही. घरात पोलिसांचं कुत्रं पाळलंय, असं वडील हसत हसत म्हणायचे.

आई रसायनशास्त्र शिकलेली. असलं नाक प्रयोगशाळेत शोभेल असं तिला वाटे. त्याने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि गॅरेज धरलं तेव्हा ती महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. मग एकदा डबा द्यायच्या निमित्ताने ती तिथे गेली. एका गाडीचं बॉनेट उघडं होतं, तीन माणसं डोकं खाजवत उभी होती. हा आला, वाकला, एक श्वास घेतला आणि म्हणाला, गोडसर येतोय, कूलंट गळतंय, मागच्या बाजूला बघा. मागच्या बाजूलाच गळत होतं. त्या दिवसापासून तिने प्रयोगशाळेचं नाव काढलं नाही.

पुढे गॅरेजात बिघाडाचा नंबर दाखवणारा स्कॅनर आला. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "मशीन नुसता नंबर सांगतं हो, कारण आमचा नाक्या सांगतो." त्यांनी एक शिरस्ताच पाडला होता. काम कुणीही केलेलं असो, गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन चालू ठेवायचं आणि नाक्याने तिच्याभोवती एक फेरी मारायची. त्याने मान हलवली की गाडी फाटकाबाहेर. नाही हलवली, तर मालकाच्या सख्ख्या मेव्हण्याची गाडीही आतच.

मग तो ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. येईल आज ना उद्या, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. दीड महिन्याने डॉक्टरकडे गेला. एखाद्याचा परत येतो, एखाद्याचा नाही, फार आस लावून बसू नका, असं त्यांनी सांगितलं.

आईला हे कळलं ते दुधामुळे. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तो घरी आला होता. दूध तापत ठेवून ती अंघोळीला गेली. न्हाणीघरातच तिला करपल्याचा वास आला. ओल्या केसांनीच ती धावत बाहेर आली, तर पातेलं काळंठिक्कर पडलेलं आणि हा शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पातेल्याकडे पाहिलं. मग त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं, आणि शाळेतल्या एका बाईंच्या गाडीचंही.

बाईंची गाडी पेट्रोल फार पीत होती आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला होता. अशा गाडीत दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इंजिनातून निघालेला धूर एका डब्यात शुद्ध होतो. त्या डब्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते पहिल्याच्या सांगण्यावरून ठरतं. स्कॅनरने पहिल्याकडे बोट दाखवलं, तरी याने नुसत्या नंबरावर विश्वास ठेवला नाही. इंजिन तापवून आकडे पाहिले. ते सारखे खालीवर व्हायला हवे होते, पण एका जागी मेल्यासारखे पडून होते. वायर, जोड, सगळं तपासून त्याने सेन्सरच गेल्याची खात्री केली. तो गंजून पाइपात घट्ट बसला होता. तेल सोडलं, वाट पाहिली, वायरीसाठी खाच असलेला पाना लावला आणि अंगातला सगळा जोर लावला तेव्हा कुठे तो सुटला. नवा बसवताना टोकाला बोट लागू दिलं नाही. दिवा विझला. काम चोख झालं होतं.

फक्त त्या जोरात पाइपाच्या जोडातलं धूर अडवणारं जुनं गॅस्केट तडकलं होतं आणि धूर बॉनेटखाली सुटत होता. एरवी पहिल्याच श्वासाला त्याला कळलं असतं. तो नेहमीसारखा गाडीभोवती फिरला आणि त्याने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या. दोन दिवस डोकं ठणकतंय, आणि मागे बसणारी मुलगी शाळेत पोहोचेपर्यंत पेंगायला लागते, असं त्या म्हणाल्या. त्यांनी सहज सांगितलं. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, त्याला स्वतःचा वासच नसतो, वास येतो तो सोबतच्या धुराचा, हे मुलाकडून ऐकणाऱ्या आईने मात्र पुस्तकात वाचलेलं होतं. गॅस्केट बदललं, मुलगी बरी झाली. मालक एवढंच म्हणाले, "काय रे नाक्या, सर्दी का?" आणि हा हो म्हणाला.

ते सांगून झाल्यावर त्याने आईकडून वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही. मग कपाटातून वडिलांचा स्वेटर काढला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला असे. घरी आला की हा एकदा गाठ सोडायचा, नाक खुपसायचा आणि पुन्हा बांधायचा. या वेळी त्याने स्वेटर तिच्यापुढे धरला.

"तू बघ ना. अजून येतो का?"

तिने वास घेतला. लोकर आणि प्लॅस्टिक. शाई नाही, तंबाखू नाही.

"येतो की," ती म्हणाली. "शाईचा. आणि तुझ्यापासून लपवलेल्या सिगारेटचा."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्याने मोठ्या काळजीने गाठ मारली, जणू आत काहीतरी होतं आणि ते सांडू नये.

तिने त्याला विजेची शेगडी पाठवली. खोकं अजून उघडलं नाही, वेळ कुठे आहे, असं तो म्हणे. रोज सकाळी ती फोन करी, गॅस बंद केलास का विचारी, आणि तो चिडून हो म्हणे. आज सकाळी तिने दुसरं विचारलं. तीन आठवडे ओठांवर येऊन परत फिरलेलं.

"अजून मान हलवतोस?"

पलीकडे त्याने वाहता नळ बंद केला.

"मग काय करू, आई? मान नाही हलवली तर मी तिथे कोण?"

मालकांना सांग, ती म्हणाली, गळती तपासायचे दुसरे मार्ग आहेत, तुझे हात शाबूत आहेत, सेन्सरचा दोष तू नाकाने थोडाच शोधला होतास. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, आज एक मोठी गाडी जायची आहे, आजी-आजोबा, नातवंडं, सगळं बिऱ्हाड घेऊन लांबच्या प्रवासाला. उशीर होतोय. आणि फोन ठेवला.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. भिंतीवर गॅरेजनेच छापलेलं कॅलेंडर होतं, खाली ठळक अक्षरांत मालकांचा नंबर. वचन मोडलं तर तो किती दिवस बोलणार नाही, याचा तिने अंदाज घेऊन पाहिला. वडिलांसारखाच आहे, वर्षभरही नाही बोलणार. कदाचित मालक त्याला ठेवतील. कदाचित नाही ठेवणार. मग तो त्या खोलीत एकटा बसेल आणि शेगडीचं बटण बंद आहे की नाही, हे विचारायलासुद्धा तिचा फोन उचलणार नाही.

मागच्या सीटवर पेंगणारी ती कुणाची तरी मुलगी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

साडेआठ वाजले होते. शटर नऊला उघडत असे. तिने चष्मा पुसला, कॅलेंडरजवळ गेली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत मालकांचा नंबर लावला.