स्टूल, खस आणि सेफ्टीची शील्ड

आमच्या घरात आजवर स्टुलावरून एकच माणूस पडला आहे, आणि तो प्लांटमध्ये सेफ्टीवर भाषणं देतो.

तो माणूस मी, भिलाईच्या पोलाद कारखान्यातला. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आमच्या खात्यातली मंडळी हेल्मेट घालून गोल उभी राहतात आणि मी पाच मिनिटं त्यांना घाबरवतो. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही, म्हणून खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक संदेशही टाकतो. 'जिना उतरताना कठडा धरा.' 'घाईत उंचीवर चढू नका.' (खाली जोडलेले हात. कधी दोन, कधी चार.) लोक अंगठे पाठवतात. ते अंगठे मी मोजत नाही, असं मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगून ठेवलं आहे.

त्या वर्षी खात्याची सेफ्टी शील्ड मला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. शनिवारी कार्यक्रम, तोही सहकुटुंब! रिसालीच्या माझ्या बहिणीला मी स्वतः फोन करून बोलावलं. हॉलमधल्या उंच कपाटावरची फुलदाणी काढून शील्डसाठी जागासुद्धा करून ठेवली. इतकी वर्षं लोकांना हेल्मेट घाला म्हणून ओरडलो, त्याची कोणीतरी दखल घेणार होतं. मला खरंच ती शील्ड हवी होती. लहान पोरासारखी हवी होती.

त्याच आठवड्यात आमच्या ऋचाला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. पोरगी नववीत. विषय, 'सोशल मीडियाचे फायदे आणि धोके : शाळेत आणि कामावर'. दोन मिनिटांचा व्हिडिओ, उदाहरण स्वतःच्या घरातलं, आणि तो पालकांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. ऋचाचा मोबाईल नववी लागल्यापासून मी कुलपात ठेवला होता, म्हणून ती आईच्या मोबाईलवर शूटिंग करू लागली. विषय कळताच मी तिला समोर बसवून अर्धा तास मार्गदर्शन केलं.

"मुख्य गोष्ट लक्षात ठेव. स्वतः पाहिल्याशिवाय काहीही पुढं पाठवाचं नाही!"

"हो बाबा."

"लिहून घे."

तिनं लिहून घेतलं. (ती वही अजून घरात आहे. दुर्दैवानं.)

रविवारी मी कूलर काढला. उन्हाळा तोंडावर आला की आमच्या सेक्टर दोनमध्ये प्रत्येक क्वार्टरच्या मागच्या अंगणात हेच चालतं. टाकी धुवायची, जाळीत नवी खस, म्हणजे वाळा, भरायची. टाकी धुऊन मी खाली ठेवली आणि तिच्यात पाणी भरून खस भिजत घातली. खिडकीच्या वरचा, कूलर टांगायचा आकडा हाताला येईना, म्हणून टेबल आणलं. तरी येईना, म्हणून टेबलावर स्टूल. स्टुलावर मी. अंगावर लुंगी, पायात स्लिपर.

"अहो, शेजारून शिडी आणा न!" सुनंदा टेबल धरून म्हणाली. "हे हलून राह्यलं."

"मले नको शिकवू. पंचवीस वर्षं काढली मी प्लांटात!"

"प्लांटात लुंगी नेसून चढता का?"

याचं उत्तर द्यायला मी मागं वळलो. तेवढंच पुरलं. स्टूल एकीकडे, स्लिपर दुसरीकडे, आणि मी, "सुनंदे, तूच हलवलं!" अशी आरोळी ठोकत थेट कूलरच्या टाकीत! बसल्या बसल्या. लागलं काहीच नाही, पण डोक्यावर ओल्या खसेचा टोप चढला. पडलो, पण सुवासिक पडलो.

"हे बाहेर कोणाले सांगाचं नाही," मी टाकीतूनच हुकूम सोडला.

"कावून बाबा?" आईच्या मोबाईलमागून ऋचा म्हणाली. "ये तो नियर मिस है!"

हे माझंच पाप. अपघात होता होता टळला की त्याला आमच्याकडे 'नियर मिस' म्हणतात. तो लपवायचा नाही, कागदावर लिहून पेटीत टाकायचा, म्हणजे दुसरा सावध होतो. जो लिहील त्याचं कौतुक करायचं. जेवताना हे मी घरात शंभरदा सांगितलं होतं.

"ते प्लांटातलं. हे घर आहे," मी म्हणालो आणि टाकीतून उठायला हात मागितला.

सोमवारी सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा ऋचा मोबाईल घेऊन आली.

"बाबा, व्हिडिओ झाला. पहिले पाहून घ्या न. उसमें आप भी हो."

मी आहे म्हटल्यावर पाहायचं काय? चांगलंच असणार! ड्यूटीला उशीर होत होता. मी तो माझ्या मोबाईलवर घेतला, तसाच वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मेरी बेटी का प्रोजेक्ट. मेरे मार्गदर्शन में. सभी अवश्य देखें.' मग नियमाप्रमाणे मोबाईल खात्याच्या लॉकरमध्ये ठेवला आणि कामाला लागलो.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. आमच्या टाउनशिपमध्ये शाळेच्या पालकांचा ग्रुप आणि खात्याचा ग्रुप यांच्यात फरक फक्त नावाचा. माणसं तीच!

दहा वाजता भिलाई-३ हून येणारा वानखेडे जवळ आला. "भाऊ, कंबर ठीक आहे न?" मी म्हटलं, ठीक आहे. अकरा वाजता कोणीतरी बसायला गादीची खुर्ची दिली. बारा वाजता ऑफिसातला क्लार्क माझ्याकडे पाहून नाकानं जोरात श्वास घेत म्हणाला, "खस की खुशबू आ रही है क्या?" शील्डची बातमी फुटल्यामुळे मंडळी प्रेमात आली असतील, असं मला वाटलं. मी सगळ्यांना नम्रपणे हात जोडले.

दुपारी तिवारी साहेबांनी बोलावलं. हे आमच्या खात्याचे प्रमुख, आणि त्यांचा मुलगा ऋचाच्या वर्गात. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

व्हिडिओत आधी माझे सकाळचे संदेश होते, एकामागून एक, जोडलेल्या हातांसकट. त्यावर ऋचाचा गोड आवाज : "सोशल मीडिया का फ़ायदा. एक अच्छी सलाह एक मिनट में सब तक पहुँच जाती है." मग आमचं अंगण, टेबल, स्टूल, लुंगी, आरोळी, टाकी. "और ख़तरा. देने वाले तक नहीं पहुँचती."

माझ्या कानांतून वाफ निघाली असावी.

"एक्टिंग बढ़िया है," साहेब म्हणाले.

बुडत्याला दोर मिळाला! "जी सर, डेमो था. बच्चों के लिए."

"अच्छा? तो गिरते-गिरते भाभीजी को क्यों डाँट रहे थे?"

मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"शनिवार का... देखते हैं," ते म्हणाले.

धावत जाऊन लॉकरमधून मोबाईल काढला आणि व्हिडिओ मिटवला. तो फक्त माझ्याच मोबाईलमधून मिटला. मग दोन्ही ग्रुपवर विनंती केली, 'कृपया वह वीडियो कोई न देखे.' ज्यांनी तोवर पाहिला नव्हता, त्यांनीही लगेच पाहिला. त्यावर अंगठे इतके आले, इतके आले, की मोजणं सोडून दिलं.

घरी गेलो तो मनात एक खास भाषण तयार करून. पण ऋचा दारातच उभी होती, डोळे सुजलेले.

"बाबा, माझ्यामुळं तुमची शील्ड गेली का?"

मला एकदम लाज वाटली. खोटं ती बोललीच नव्हती. पाहून घ्या म्हणाली होती. पाठवलं होतं मी, आणि पडलोही मीच.

"नाही वं," मी म्हटलं. "टेबल तुझ्या आईनं हलवलं."

"काय म्हणता?" आतून आवाज आला.

"काही नाही! मीच हललो!" पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी हे मोठ्यानं कबूल केलं. ऋचा रडता रडता हसली, आणि मग मीही हसलो.

शनिवारी शील्ड वानखेडेला मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. (जोरात. बहीण बघत होती.) आता उठावं म्हणेपर्यंत साहेबांनी पुन्हा माईक हातात घेतला.

"इस साल की सबसे अच्छी नियर मिस रिपोर्ट. हमारे इतिहास में पहली बार, घर से आई हुई. कुमारी ऋचा!"

अख्खा हॉल उठून टाळ्या वाजवू लागला. पोरगी स्टेजवर गेली, दुसरी शील्ड घेऊन आली, आणि मला इतका आनंद झाला की मीच शिट्टी मारली. सोबत सर्टिफिकेटही होतं. 'सूचना देने वाली : ऋचा.' त्याखाली, 'गिरने वाला : पिताजी.'

शील्ड ठरल्या जागी, उंच कपाटावरच ठेवली आहे. ऋचाचा मोबाईल मी परत दिला. शील्डवर धूळ बसली की ऋचा तोच मोबाईल माझ्याकडे रोखून धरते, पायानं स्टूल पुढं सरकवते आणि म्हणते, "बाबा, चढा न!"