चपलांची पळापळ

लॉकडाऊनच्या दिवसांत मी एका बातम्यांच्या वेबसाइटसाठी मथळे लिहायचे. ऑफिस अंधेरीला, पण ते बंद, म्हणून कांदिवलीच्या घरी ओट्याशेजारी लॅपटॉप मांडलेला. सरकारनं काहीही केलं तरी आमच्याकडे दोनच शब्द तयार असायचे, 'सज्ज' नाहीतर 'बोजवारा'. कुठला लावायचा ते मी फोटो बघून ठरवायचे, आणि त्यात आपल्याला भारी अक्कल आहे असं माझं ठाम मत होतं.

त्या दिवशी बाबा सकाळीच लस घ्यायला जवळच्या शाळेतल्या केंद्रावर गेले होते, फोन घरीच विसरून. आईचा नंबर दुसऱ्या दिवशी होता. तिला दमा, त्यात सुईची धास्ती. आठवडाभर मनधरणी करून तिला कशीबशी तयार केली होती, त्यामुळे माझा सगळा जीव तिच्या लशीत अडकलेला.

दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत नुसत्या चपला, माणूस एकही नाही. खाली फक्त 'कांदिवली, लसीकरण'. मी लगेच ठोकून दिलं, 'लसीकरणाचा बोजवारा! चपला टाकून नागरिकांची पळापळ'. साहेबांचा मेसेज आला, "झकास!" मी खूश होऊन चहा टाकला.

चहा उकळायच्या आत आईची हाक आली. माझी प्रत्येक बातमी ती कौतुकानं उघडून बघायची.

"अगो, ही ह्यांची चप्पल!"

फोटो मोठा करून ती दाखवत होती. तपकिरी चप्पल, पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके. टाके तिनेच घातलेले.

"पळाले कुठे हे? आणि मी नाही हां उद्या तिथे जायची. सांगून ठेवते."

गॅस बंद केला, मास्क लावले आणि दोघी धावत सुटलो.

शाळेसमोरच्या झाडाखाली अख्खी रांग अनवाणी बसली होती आणि बाबा मधोमध गप्पा हाणत होते. लशींची गाडी उशिरा येणार होती. उन्हात तिष्ठत कोण उभं राहणार, म्हणून लोकांनी चपला ठेवून नंबर लावले होते. नर्सबाई अधूनमधून बाहेर येऊन गाडी कुठवर आली ते सांगून जात होत्या.

"पळालो असतो तर चप्पल घालून नसतो का पळालो?" बाबा म्हणाले.

आई इतकी हसली की तिचा मास्क घसरला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना फोन केला तर म्हणाले, "आता कशाला बदलतेस यार? जोरात चाललीय!" भांडून भांडून मथळा बदलून घेतला, 'चपला रांगेत, माणसं सावलीत'. तो कुणी फारसा वाचला नाही. आईनं तेवढा सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन निघाली, रांगेत आपली चप्पल लावून झाडाखाली बसली आणि दुपारी लस घेऊन परतली. दंड चोळत तिनं सहज विचारलं, "शाळा पाच मिनिटांवर. लिहायच्या आधी तू बघून का नाही आलीस गं?"

आता जवळपासचा फोटो आला, की मी आधी पायात चप्पल घालते.